किरणांची सुरी आणि सोलापूरचा रुग्ण

कवटी न उघडता मेंदूतील गाठीवर किरणांचा एकवटलेला मारा करावा, ही कल्पना स्वीडिश शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडली. १९६८ साली स्टॉकहोममध्ये तिला यंत्राचे रूप आले. ‘गॅमा नाइफ’ हे त्याचे नाव. सुरी मात्र त्यात कोठेच नाही! कोबाल्ट-६० च्या सुमारे दोनशे स्रोतांतून निघणारे बारीक किरण एका बिंदूवर मिळतात. एकेकटा किरण वाटेतील मेंदूला फारशी इजा करीत नाही. सर्वांची एकत्रित मात्रा त्या बिंदूवरच पडते. १९९७ साली हे यंत्र मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आले.

ते सोलापुरात का नसावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु रुग्ण येवोत वा न येवोत, कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. मागाला दोन दिवस विश्रांती दिली तर तो झिजत नाही. हे भांडवल रिकाम्या खोलीतही झिजते. ते महानगरातच परवडणार.

खरा प्रश्न रुग्णाच्या खर्चाचा आहे. उपचार बहुधा एका दिवसाचा, पण फळ सावकाश. श्रवणमज्जातंतूवरील गाठ सहसा नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. आणि ती थांबली की नाही, हे वर्षानुवर्षे एमआरआय काढूनच कळते. रक्तवाहिन्यांची विकृत गुंतवळ बुजण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तोवर रक्तस्रावाचा धोका टळत नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या स्त्रीच्या लेखी सिद्धेश्वर एक्स्प्रेसची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, आणि सोबत येणाऱ्याची वेगळी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेचे बिल ती जाणते. बुडालेला रोज तिच्या हिशेबात नाही.

शिवाय गाठ साधारण तीन सेंटिमीटरहून मोठी झाली की हा मार्ग बहुधा बंद होतो. एका कानाने ऐकू येईनासे झाले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देणाऱ्या घरांत गाठ तेवढी वाढायला अवधी मिळतो. म्हणून निदान आणि नंतरच्या तपासण्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय रुग्णालयात विनामूल्य व्हाव्यात, चित्रे मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवली जावीत आणि रुग्णाने केवळ किरणांसाठी एकदाच गाडीत बसावे. नव्या यंत्राच्या तुलनेत यास लागणारा पैसा किरकोळ आहे.