पाळीव पक्ष्याची नोंद : कायद्यासाठी आणि आरोग्यासाठीही

पावसाळ्यात मुळशीच्या घरांची दारे-खिडक्या दिवसदिवस बंद राहतात आणि ओसरीवरचा पिंजरा माजघरात येतो. करडा आफ्रिकी पोपट ज्येष्ठांना उत्तम सोबत करतो. मात्र नीट निगा राखल्यास तो ४० वर्षांहून अधिक जगू शकतो. सत्तरीत आणलेला पक्षी बहुधा आपल्यामागे उरणार. तेव्हा तो कोणाचा, याचे उत्तर कागदावर असायला हवे.

जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राण्यांसाठी ऐच्छिक नोंदणी योजना आणली. पहिल्या सहा महिन्यांत माहिती देणाऱ्याकडे खरेदीची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. त्यामुळे भीती कमी झाली, हा योजनेचा गुण. मात्र रीतसर आलेला आणि चोरट्या मार्गाने आलेला पक्षी एकाच यादीत बसू शकला, हा दोष. शिवाय जो पुढे आला नाही, तो नोंदीबाहेरच राहिला.

पुढे २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम आले. आता आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या सूचीतील प्रजातींची नोंदणी बंधनकारक आहे. हस्तांतर, जन्म व मृत्यूही कळवावे लागतात. बजरीगर व कॉकाटील या सूचीत नाहीत. आपला देशी राघू मात्र संरक्षित असल्याने पाळताच येत नाही.

सरकारी नोंद मालकी सांगते. प्रकृतीची नोंद घरानेच ठेवावी. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’ हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे; वृद्धांत तो गंभीर रूप घेऊ शकतो. प्रतिजैविकांनी तो बरा होतो. पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगितले नाही, तर निदान लांबते. पिसांच्या धुळीमुळे काहींना हळूहळू धापही लागते.

म्हणून एक वही करावी. तीत प्रजाती, पायातील कडीचा क्रमांक, नोंदणीपत्र, पक्ष्याची आजारपणे आणि पशुवैद्यांचा पत्ता लिहावा. पिंजरा झाडण्याऐवजी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावा. शेवटच्या पानावर, संमती घेऊन, पुढे पक्षी सांभाळणाऱ्याचे नाव लिहावे. ताम्हिणीच्या रानात त्याला सोडून देणे ही मुक्तता नव्हे. तेथे तो तगणे कठीण, आणि त्याचा आजार रानपाखरांना लागण्याचा धोका.

ज्याने आपल्या एकांताला आवाज दिला, त्याची एवढी तजवीज आपल्या हयातीतच व्हावी.