डिप्लोमानंतर लेकीची खोली

डिप्लोमा झालेली लेक इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाते, तेव्हा वसतिगृहातल्या बऱ्याच खोल्या आधीच्या मुलींनी भरलेल्या असतात. लोणेऱ्याचं विद्यापीठ महाडच्या मुलींना एसटीने जमतं; पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून, पावसाळ्यात, रोज कसं जमणार? म्हणून कॉलेजप्रवेश पक्का होताच वसतिगृहाचा अर्ज भरा. अनुसूचित जाती, नवबौद्ध मुलींना शासकीय वसतिगृहात जागा नाही मिळाली, तर समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात शिकणारीला जेवणखाण, राहणं धरून वर्षाला ६०,००० रुपये, तिच्याच खात्यात. पण ते प्रवेशानंतर येतात. तोवरच्या अनामत रकमेसाठी आम्ही गटातून कर्ज देतो. लग्नाला देतो, मग याला का नाही? उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मात्र निकालाआधीच काढून ठेवा.