झडीच्या दिवशी काय पाहावे? नांदेड-लातूर परिसरातील छताखालची स्थळे



प्रवासवर्णन आणि स्थळमाहिती हे दोन लेखनप्रकार वरवर सारखे दिसले तरी त्यांचे केंद्र वेगळे असते. प्रवासवर्णनाच्या मुळाशी लेखकाचा अनुभव असतो, तर स्थळमाहितीच्या मुळाशी वाचकाची गरज असते. प्रस्तुत पाठात आपण अशीच एक साधी गरज विचारात घेणार आहोत. प्रवासी नांदेडला किंवा लातूरला उतरला आहे. हाताशी दोनतीन दिवस आहेत आणि सकाळपासून झड लागलेली आहे. किल्ल्यांच्या तटांवर पाय घसरतो, घाटांवर जाता येत नाही. अशा वेळी छताखाली बसून, उभे राहून, निवांतपणे काय पाहता येईल? उत्तर देताना केवळ स्थळांची नावे सांगून भागणार नाही. ते स्थळ छताखालचे का आहे आणि त्या छताचा पावसाशी काय संबंध आहे, हेही पाहावे लागेल.

पाऊस आणि मराठवाडा

कोकणाविषयी किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्याविषयी लिहिताना 'पावसाने विरस केला' असे वाक्य सहज लिहिले जाते. लातूरविषयी लिहिताना ते लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि ते पाहण्यासाठी लोक जमले होते. ज्या गावाने पाण्याची आगगाडी पाहिली आहे, तेथे पाहुण्याने पावसाबद्दल कुरकूर करणे म्हणजे यजमानाच्या घरी बसून त्याच्याच भाकरीला नावे ठेवण्यासारखे आहे. येथे झड लागली की माणसे आधी आभाळाकडे पाहून समाधान व्यक्त करतात आणि मग छत्री शोधतात.

याचा अर्थ पाऊस नेहमीच सौम्य असतो असे नाही. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले की नांदेडमध्ये गोदावरीचे घाट पाण्याखाली जातात व नदीकाठच्या सखल वस्त्यांना धोका निर्माण होतो. अशा दिवशी पूर पाहण्यासाठी काठावर जाण्याचा मोह प्रवाशाने टाळावा.

नांदेड : पंगत आणि वाचनकक्ष

नांदेडमधील मुख्य स्थळ अर्थातच तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे होय. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये गोदावरीकाठी आले, येथेच माधोदास बैरागी त्यांचे शिष्य होऊन बंदा बहादूर या नावाने इतिहासात गेले आणि येथेच त्याच वर्षी गुरूंचे निधन झाले. आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू, ही व्यवस्था त्यांनी या भूमीवर केली. आजच्या मुख्य वास्तूची उभारणी महाराजा रणजितसिंग यांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात झाली. आतील कक्षाला अंगीठा साहिब म्हणतात. गुरूंवर जेथे अंत्यसंस्कार झाले, त्या जागेवर तो उभा आहे. गुरूंची शस्त्रे येथे जतन केलेली असून सायंकाळी त्यांचे दर्शन घडविले जाते. डोके झाकणे, पादत्राणे बाहेर ठेवणे आणि पाय धुणे हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. पावसात मात्र संगमरवरी फरशी निसरडी होते, तेव्हा ज्येष्ठांनी जपून चालावे.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे लंगरच्या दालनात अवश्य बसावे. पाऊस असेल तर बाहेर जाण्याची घाई नसते आणि पंक्तीत कोण कोण बसले आहे, हे पाहण्यास सवड मिळते. पंजाबीतही या बैठकीला 'पंगत' म्हणतात. संस्कृत 'पङ्क्ति'पासून आलेला हा शब्द दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या वाटेने घरी नेला. आपल्याकडे 'पंक्तिभेद', 'पंक्तिपावन', 'पंक्तीला बसणे' या शब्दप्रयोगांमागे कोणाला शेजारी बसू द्यायचे आणि कोणाला नाही, याचा दीर्घ इतिहास आहे. लंगरातील पंगत मुळातच तो भेद मोडण्यासाठी घातली गेली. शब्द एकच असूनही त्याच्या पोटात दोन समाजव्यवस्था कशा राहतात, याचे उदाहरण पुस्तकात शोधण्यापेक्षा येथे जमिनीवर बसून पाहणे अधिक बोधप्रद ठरते. वाढणारा मराठी बोलतो, शेजारचा पंजाबी आणि पलीकडे कोणी दखनी किंवा तेलुगू. हे भाषावैविध्य नांदेडचे रोजचे आहे.

दुपारनंतरही पाऊस उघडला नाही, तर एखाद्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जावे. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी ज्या शहरात अध्यापन केले आणि ज्या शहरात राहून मनुस्मृतीपासून संगीतापर्यंत अनेक विषयांवर लेखन-व्याख्याने केली, त्या शहरात त्यांचे एखादे पुस्तक हाती घेऊन बसणे हेही स्थलदर्शनच आहे. पर्यटन पुस्तिका ग्रंथालयांची नोंद क्वचितच घेतात. ती घ्यावयास हवी.

देवळांचे मंडप आणि एक गैरसमज

नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे आहेत. त्यांपैकी सिद्धेश्वर मंदिर विशेष पाहण्याजोगे. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिरही जुन्या दगडी बांधणीचे आहे. अशा कोणत्याही मंदिरात गेल्यावर बरोबरचा मनुष्य 'हे हेमाडपंती आहे' असे सांगेल. हे विधान तपासून घ्यावे. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या महादेवराय व रामचंद्रराय या यादव राजांच्या दरबारातील अधिकारी होता. होट्टलसारखी मंदिरे त्याच्या आधीची आहेत. चुन्याचा वापर न करता दगडांत खाचा व कुसू ठेवून ते एकमेकांत बसविण्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मग अशी दिसणारी प्रत्येक वास्तू त्याच्या खात्यावर जमा झाली. लोकव्यवहारात हा शब्द चालेल, परंतु लेखन करताना कालखंड वेगळा सांगावा.

अशा देवळांची रचना पावसात चांगली कळते. छताच्या कडेचे उतरते दगडी छज्जे पाणी भिंतीपासून दूर टाकतात, म्हणून खालच्या मूर्ती काही अंशी वाचतात. शतकानुशतकांनंतर ज्या ठिकाणी छज्जा तुटला, तेथील मूर्तींचे नाकडोळे आधी झिजले, हे ओळीने पाहत गेल्यास सहज दिसते. कडेने दगडी बाके असलेला मंडप हे या शैलीचे एक परिचित अंग आहे. त्या बाकांवर बसून पाऊस ओसरण्याची वाट पाहणारा आजचा प्रवासी मंडपाचा अगदी योग्य उपयोग करीत असतो. मंडप हा नृत्य-कीर्तनासाठी असे, तसाच तो वाटसरूच्या आसऱ्यासाठीही असे. अंतराळ व गर्भगृह मात्र ढगाळ दिवशी फारच अंधारे होतात. बरोबर विजेरी ठेवावी आणि तिचा झोत खांबावर समोरून न टाकता बाजूने टाकावा. कोरीव काम सावल्यांमुळे उठून दिसते.

येथे मराठीच्या अभ्यासकाने महानुभावांच्या 'स्थानपोथी'चे स्मरण ठेवावे. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, त्या स्थानांची ही नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कोठे आहे, कोणती जागा कोठून कोणत्या बाजूस आहे, हे त्यात नेमकेपणाने दिलेले असते. हेतू श्रद्धेचा असला, तरी पद्धत काटेकोर स्थळमाहितीची आहे. विशेषणे टाळून दिशा सांगणारे असे गद्य आपल्या भाषेत मध्ययुगातच तयार झाले होते. आजच्या पर्यटन पुस्तिकांनी त्यापासून बरेच शिकण्यासारखे आहे.

लातूर : गोलाई

लातूर शहराचे मध्यस्थान म्हणजे गंजगोलाई. निजामी राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हिचा आराखडा केला. मधली दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ मधील असून मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे. या वर्तुळाला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवर बाजार विभागलेला आहे. सोन्याचांदीपासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सर्व काही तेथे मिळते. येथे तिकीट नाही, माहितीफलकही जवळपास नाहीत. पावसाची सर आली की ताडपत्र्या ओढल्या जातात, गिऱ्हाईक आत सरकते आणि दुकानदाराला बोलायला वेळ मिळतो. तुरीचा भाव, सोयाबीनचा पेरा, कोणत्या मंडळात किती पाऊस पडला, ही चर्चा ऐकण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. जगातील अनेक शहरांतील छताखालचे बाजार पर्यटकांसाठी सजवलेले असतात. गोलाई अजून ग्राहकांसाठी आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

खरोसा आणि किल्लारी

लातूरच्या दक्षिणेस औसा तालुक्यात खरोसा येथे एका टेकडीत लेणी आहेत. लेणी ही मूलतः पावसाशी जोडलेली कल्पना आहे. बौद्ध भिक्षूंनी वर्षाकाळात भ्रमण थांबवून एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. डोंगरात कोरलेल्या विहारांच्या परंपरेला त्यातून चालना मिळाली. खरोसा लेणी नंतरच्या काळातील असून ती प्रामुख्याने शैव-वैष्णव आहेत. नरसिंह, शिवपार्वती, रावण इत्यादी शिल्पे त्यांत आढळतात. आश्रयस्थानाची कल्पना मात्र एका धर्माकडून दुसऱ्याकडे तशीच चालत आली. ही लेणी वेरूळप्रमाणे काळ्या कातळात नसून जांभ्या दगडात आहेत. जांभा सच्छिद्र, खरखरीत असतो. त्यात पाणी मुरते व बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून येथील आकृत्या पुसट झालेल्या आहेत. वेरूळ पाहून आलेल्या प्रवाशाची निराशा होऊ शकते. पण ज्याला दगड, पाणी आणि काळ यांचा हिशेब समजून घ्यावयाचा आहे, त्याने पावसात येथेच यावे आणि छतातून पाझरणारे थेंब कोठे पडतात ते पाहावे.

याच तालुक्यात किल्लारी आहे. ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे आणि तसे म्हणून कोणी तेथे जाऊ नये. परंतु छपराविषयी लिहिताना त्याला वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मराठवाड्याचे जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यांवर मातीचा जाड थर दिलेले हे सपाट छत उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पावसाळ्यात ते गळते, म्हणून दरवर्षी नव्या मातीची भर पडत जाते आणि त्याचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून झोपलेल्या हजारो माणसांवर याच भिंती आणि हीच माळवदे कोसळली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. पुढे ती नव्या जागी, निराळ्या बांधणीने वसविण्यात आली. त्यानंतर अनेक दिवस लोक पक्क्या घरातही आत झोपावयास धजत नव्हते. पाऊस आला म्हणून प्रवासी ज्या सहजतेने छताखाली शिरतो, ती सहजता या भागातील एका पिढीला पुन्हा मिळवावी लागली आहे. औशाच्या रस्त्यावर कोणी पडवीत बोलावून चहा दिला, तर हे ध्यानात असावे.

तेर : पाऊस आणणारे वारे

लातूरच्या पश्चिमेस, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यास ते परिचित असते. येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. गावच्याच या गृहस्थांनी शेतांत, नदीकाठी, पांढरीच्या मातीत सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. पावसाने माती वाहून गेली की जुनी खापरे, मणी, नाणी उघडी पडतात, हे अशा प्राचीन वसाहतींच्या गावी सर्वांना ठाऊक असते. म्हणजे संग्राहकाचे निम्मे काम पाऊसच करतो.

या संग्रहात सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू आणि रोमन घडणीची छाप असलेल्या वस्तू आहेत. सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ मध्ये मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आणि तेरची ही मूर्ती यांत ठळक साम्य आहे. तेर म्हणजेच ग्रीक प्रवासग्रंथ 'पेरिप्लस'मधील तगर. तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जाई, असे त्या ग्रंथावरून समजते. भडोचला येणारी जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आधाराने अरबी समुद्र ओलांडीत. प्रवाशाला ज्या वाऱ्यांमुळे आज संग्रहालयात शिरावे लागले, त्याच वाऱ्यांनी एके काळी येथील हस्तिदंताला आणि कापडाला समुद्रापारचे गिऱ्हाईक मिळवून दिले होते.

गावातच त्रिविक्रमाचे मंदिर आहे. त्याचा मागील भाग गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखा गोलाई घेतलेला असून तो विटांचा आहे. मूळचा हा चैत्य असावा व पुढे त्याचे मंदिर झाले, असे अभ्यासक मानतात. संग्रहालयाच्या साप्ताहिक सुट्टीची चौकशी निघण्यापूर्वी करावी. मंदिर बहुधा उघडेच असते.

स्वाध्याय

१. आपल्या तालुक्यातील एक ओवरी, धर्मशाळा, चावडी, ग्रंथालय किंवा देवळाचा मंडप निवडा. पाऊस चालू असताना तेथे किमान एक तास बसा. छत कशाचे आहे, पाणी कोठून वाहून जाते, आसऱ्याला कोण येते आणि कोण येत नाही, याची नोंद घेऊन दोनशे शब्दांत स्थळमाहिती लिहा. 'रम्य', 'मनोहर', 'निसर्गसुंदर' ही विशेषणे वापरू नका.

२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून छप्पर, माळवद, धाबे, पडवी, ओसरी, वळचण, पन्हाळ या शब्दांचे आपल्या भागातील अर्थ लिहून काढा. शब्दकोशातील अर्थाशी ते जेथे जुळत नाहीत, तेथे आपल्या घरचा अर्थ खोडू नका.