जुन्या पिकअपला फॉग लाइट लावताय? वायर जोडण्याआधी हे समजून घ्या

मोहर्ली (ता. भद्रावती) : डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेचार-पाचला मोहर्लीहून चंद्रपूरकडे निघालेल्या पिकअपवाल्याला विचारा, धुकं म्हणजे काय ते. एका बाजूला इरई धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं बफर जंगल. रात्रभर जमीन थंड होते, पाण्यावरची ओलसर हवा खाली बसते आणि आगरझरीपासून पद्मापूरपर्यंत मध्येमध्ये रस्ता असा गायब होतो की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. पुढे दुर्गापूर-ऊर्जानगरच्या पट्ट्यात कोळशाच्या गाड्यांची धूळ आणि धूर त्यात मिसळतो. अशा वेळी समोर विना रिफ्लेक्टरची बंडी असेल, चितळांचा कळप असेल किंवा रस्त्यावर बसलेली ढोरं असतील, तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणूनच जुन्या बोलेरो पिकअप, टाटा एस, दोस्त अशा गाड्यांना फॉग लाइट लावून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. विचार चांगला आहे. पण बाजारात 'फॉग लाइट' म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं फॉग लाइट नसतंच. आणि दिवा चांगला असला तरी वायरिंग चुकलं तर धुक्याआधी गाडीच पेटायची भीती.

धुक्यात अप्पर मारला की का दिसत नाही?

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हेडलाइटचा अप्पर वर आणि लांब फेकतो. तो उजेड या लाखो थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. जितका जास्त उजेड, तितका पडदा दाट. त्यामुळे 'मोठी लाइट लावली की धुकं फाटतं' ही समजूत साफ चुकीची आहे.

खरा फॉग लाइट वेगळ्या पद्धतीने काम करतो. तो खाली, बंपरच्या उंचीला बसतो. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखा सरळ संपतो. डोळ्यांच्या रेषेत उजेडच जात नाही म्हणून परतही येत नाही. खाली रस्त्याची कड, पांढरी पट्टी, साइडपट्टी एवढं दिसतं. धुक्यात ड्रायव्हरला तेवढंच हवं असतं.

मग पिवळा घ्यावा की पांढरा? पानठेल्यावर यावरून वाद रंगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा काय नि पांढरा काय, जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा 'धुकं कापतो' हे खरं नाही. मात्र पिवळ्या उजेडाची चमक अनेकांच्या डोळ्यांना कमी टोचते, लांब गाडी चालवताना बरं वाटतं. मनाला येईल तो घ्या. झोत चपटा आहे की नाही, ते आधी पाहा.

छपरावरची एलईडी पट्टी, बुल गार्डवर बसवलेले गोल स्पॉट दिवे, हे धुक्यात उपयोगाचे नाहीत. उलट समोरच्या दुचाकीवाल्याला आंधळं करतात.

'कंपनीसारखं' म्हणजे नेमकं काय

कंपनीतून येणाऱ्या गाडीत फॉग लाइटचे चार गुण असतात. दिवा बंपरमधल्या जागेतच बसतो. त्याला स्वतःचा फ्यूज आणि रिले असतो. डॅशबोर्डवर वेगळं बटण असतं आणि दिवा चालू असल्याची खूण दिसते. आणि पार्किंग लाइट चालू असल्याशिवाय तो लागत नाही, म्हणजे गाडी उभी केल्यावर विसरून रात्रभर जळत राहत नाही. जुन्या गाडीत हेच साधायचं आहे.

आधी बंपर पाहून घ्या. बऱ्याच गाड्यांमध्ये वरच्या मॉडेलसाठी ठेवलेली जागा प्लास्टिकच्या झाकणाने बंद केलेली असते. झाकण निघालं की त्याच मापाचा दिवा बसतो. लोखंडी बंपर असेल तर बंपरच्या खाली चॅसिसला धरून मजबूत पट्टी लावावी लागते. पत्र्याची पातळ पट्टी लावली तर दिवा खडखडतो, झोत थरथरतो आणि मुधोलीकडच्या खराब रस्त्यावर महिन्याभरात नट सैल होतात.

आपल्या मानकांचा पाया ज्या युरोपीय नियमांत आहे, त्यात लहान मालवाहू गाडीसाठी फॉग लाइटची उंची जमिनीपासून २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलं आहे. गाडीच्या बाहेरच्या कडेपासून दिवा ४० सेंटिमीटरच्या आत असावा, म्हणजे दोन्ही दिवे कडेला. शेतात, नाल्यात गाडी उतरत असेल तर अगदी खाली बसवू नका. दगड आणि चिखल दिवा खातात. ५०-६० सेंटिमीटर ही आपल्याकडे बरी उंची.

वायरिंग : इथेच घोळ होतो

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे हेडलाइटच्या वायरला जोड मारून, मध्ये एक साधं बटण टाकून फॉग लाइट पेटवणे. पाच मिनिटांचं काम, पैसेही कमी. पण हिशेब पाहा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टवर ते सुमारे ९ अॅम्पिअर करंट ओढतात. हेडलाइटची जुनी वायर आणि तिचा फ्यूज या जादा भाराचा विचार करून टाकलेला नसतो. आधी फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तार बांधतो. त्यानंतर बटण गरम होतं, वायरचं कव्हर वितळतं, आणि पुढचं सांगायला नको. रात्री जंगलाच्या मध्यात फ्यूज उडून हेडलाइटच गेली, तरी ती लहान गोष्ट नाही.

बरोबर पद्धत अशी. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर निघते. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तिच्यावर १५ अॅम्पिअरचा फ्यूज बसतो. फ्यूज जवळ हवा, कारण त्याच्या आधीच्या तुकड्याला कोणतंच संरक्षण नसतं. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला जाते. ८७ नंबरच्या पिनवरून दोन्ही दिव्यांना. ८५ नंबरची पिन चॅसिसला, म्हणजे अर्थिंगला. ८६ नंबरला डॅशबोर्डवरच्या बटणाची वायर येते, आणि त्या बटणाला करंट द्यायचा तो पार्किंग लाइटच्या वायरवरून. रिलेची कॉइल अगदी थोडा करंट घेते, म्हणून बटणावर भार येत नाही. दिव्यांचा सगळा भार रिले उचलते. पार्किंग बंद केली की फॉग लाइट आपोआप बंद.

दुकानात पाच पिनची रिले मिळाली तर सावध राहा. मधली ८७ए नंबरची पिन रिले बंद असताना चालू असते. वायर चुकून तिथे लागली तर दिवे उलटे वागतात, बटण बंद असताना पेटतात आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. चार पिनची रिले घेतली की ही भानगडच नको.

वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. बारीक वायरीने दिवा पेटतो, पण मंद. १ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीत ९ अॅम्पिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब वाटेतच जिरतो. हॅलोजनचं गणित वाईट असतं : व्होल्टेज ५ टक्के घसरलं की उजेड साधारण १५ टक्क्यांनी कमी होतो. मग ग्राहक म्हणतो दिवा भंगार, दुकानदार म्हणतो बॅटरी भंगार, आणि दोष असतो वायरीचा. किंवा अर्थिंगचा. जुन्या गाडीत रंगावर, गंजावर बोल्ट आवळून अर्थिंग दिलं की दिवा लुकलुकतो. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

वायर नळीतून न्या. इंजिनाच्या गरम भागापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब बांधा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचं वाइसर टाका. घराच्या अंगणात किंवा धानाच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायर कुरतडतात, हे नळी वापरण्याचं आणखी एक कारण. काम झाल्यावर दिवे १५ मिनिटं चालू ठेवून रिले, फ्यूजचं घर आणि वायर हाताने तपासा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे.

एलईडी घ्यायचे असतील तर पूर्ण एलईडी फॉग लाइट घ्या, ते करंट कमी खातात आणि जुन्या अल्टरनेटरला बरे पडतात. हॅलोजनच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब कोंबू नका. आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीचा उजेड तिथून निघत नाही. झोत फुटतो, वर उडतो, आणि पुन्हा तोच पांढरा पडदा.

झोत लावणं

दिवे बसले म्हणजे काम संपलं असं समजून अनेक गाड्या निघून जातात. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारा आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. झोताची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी. पिकअपचं वेगळं असतं : मागे माल भरला की मागचा भाग बसतो आणि नाक वर होतं. त्यामुळे नेहमी जेवढा माल नेता, तेवढा भरून झोत लावा. रिकाम्या गाडीवर लावलेला झोत भाजीचे कॅरेट चढताच समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता ही रेघ काय सांगते ते पाहा. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि झोत दर ५ मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरतो. म्हणजे ३० मीटरवर तो जमिनीला टेकतो. फॉग लाइटची पोच एवढीच. दुसरीकडे, ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक मारायचं सुचायला दीड सेकंद धरला तर गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे २७ मीटर जाते. ताशी ६० ला हेच अंतर ४८ मीटरच्या आसपास. दवाने ओला रस्ता, घासलेले टायर, भरलेली गाडी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे फॉग लाइट लावूनही दाट धुक्यात ४० च्या वर जाणारा पिकअपवाला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. इरईच्या काठावर अतिदाट भेटलं तर ४० सुद्धा जास्तच.

जंगलातली आणखी एक अडचण. एरवी रात्री हेडलाइटमध्ये सांबर-चितळाचे, बिबट्याचे डोळे लांबून चमकतात, ड्रायव्हर सावध होतो. धुक्यात आणि खाली वाकलेल्या झोतात ते डोळे चमकत नाहीत. जनावर थेट पायांपासून दिसतं, तेही अगदी जवळ आल्यावर.

आरटीओ काय म्हणतं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी असलेली खास परिस्थिती तेवढी वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुल गार्डवर तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. म्हणजे बुल गार्ड आणि त्यावर स्पॉट दिवे, ही दुहेरी आफत. बफरमधल्या नाक्यावर छपरावर सर्चलाइट असलेली गाडी रात्री दिसली तर वनविभागाचे लोक थांबवून चौकशी करणार हेही ओघानेच आलं.

फॉग लाइटचं तसं नाही. पुढे बसणारी पांढऱ्या किंवा पिवळ्या फॉग लाइटची जोडी मानकांत मान्य आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. त्या वेळी दिवे तपासले जातातच. एमएच-३४ असो की एमएच-३३, लोंबकळत्या वायरी आणि वर उडणारा झोत घेऊन पासिंगला जाऊ नका. दिव्यावर मानकाची खूण कोरलेली असेल तोच घ्या आणि बिल जपून ठेवा.

धुकं विरलं की फॉग लाइट बंद करा. कोरड्या रात्री तो जवळचाच रस्ता उजळवतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं कमी दिसायला लागतं.

शेवटी मागच्या बाजूचं. धुक्यात मागून ठोकणाऱ्यांची भीती पुढच्यापेक्षा कमी नाही, आणि जुन्या पिकअपच्या टेललाइटवर बहुतेक वेळा चिखल, शेण नाहीतर ताडपत्रीची कड आलेली असते. ती पुसायला आणि डाल्याला लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला वायरमन लागत नाही. बंडीवाल्यानेही मागे तीच पट्टी लावली, तर पद्मापूर रस्त्यावरच्या पिकअपवाल्याला ती ३० मीटरच्या आत का होईना, पण दिसेल.