गोल्फच्या हिरवळीशेजारी रो-हाऊस? आधी हे तपासा! 🏡⛳

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, गहुंज्यात पवनेकाठी लोढा बेलमोंडो आहे. बंदिस्त वसाहत आणि आत गोल्फ कोर्स! मला ही राहणी मनापासून आवडते: स्वतःचं दार, पण बाग, रस्ते, दिवे, सुरक्षा यांची काळजी सामायिक. अशा कुठल्याही वसाहतीत घर घेताना एवढं विचारा:

✅ गृहनिर्माण सोसायटी की अपार्टमेंट? सोसायटीत सेवाशुल्क सर्वांना सारखं. 1970 च्या अपार्टमेंट कायद्यात खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या घराला जास्त.

✅ मासिक देखभाल 7,500 रुपयांवर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर असेल, तर 18% जीएसटी धरा.

✅ गच्ची गळली, बाहेरचा रंग उडाला, तर खर्च कोणाचा? लेखी घ्या.

✅ गोल्फचं सदस्यत्व घरासोबत की वेगळं? हिरवळीला पाणी कुठलं? प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल तर उत्तम.

✅ रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

घर बघायला निघालेल्या मित्रमंडळींना नक्की पाठवा!

#पुणे #रोहाऊस #गृहखरेदी