मुंबई ते जेद्दाह : तिकिटावरचे तास आणि खरे तास

उमराहचे तिकीट हातात आले की घरातला पहिला प्रश्न असतो, "किती तासांचा प्रवास?" समजा, तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून सकाळी १०.००, जेद्दाहला दुपारी १२.४५. मुले लगेच वजाबाकी करून दादीला सांगतात, पावणेतीन तास! प्रत्यक्षात दादीला सव्वापाच तास बसावे लागते.

वजाबाकी बरोबर असते, पण घड्याळे दोन असतात. तिकिटावर प्रत्येक विमानतळाची स्थानिक वेळ छापतात आणि सौदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणून जाताना आलेल्या उत्तरात अडीच तास मिळवायचे, परतताना वजा करायचे. जेद्दाहहून रात्री १०.०० ला निघालेले विमान मुंबईत पहाटे ५.१५ ला उतरले, तर प्रवास पावणेपाच तासांचा झाला. तारीखही बदललेली असते. घ्यायला येणाऱ्यांनी ती नीट पाहावी.

दोन्ही शहरांमधले सरळ अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने ते चार तासांत संपायला हवे. पण उड्डाण, उतरणे आणि ठरलेले हवाई मार्ग यांत वेळ जातो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. त्यांना हेच अंतर कापायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागे.

जहाजाच्या प्रवासात यलमलमची मीकात सावकाश येई, एहरामला भरपूर वेळ मिळे. विमान मात्र एका मिनिटात चौदा किलोमीटर जाते. जेद्दाहला उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी मीकात येते आणि बहुतेक विमानांत तशी सूचना देतात. तेव्हा कपडे बदलायला उठलात तर स्वच्छतागृहापुढे रांग असते. म्हणून पुरुषांनी एहरामच्या चादरी घरी किंवा विमानतळावरच बांधाव्यात. नुसत्या चादरी बांधल्याने एहराम सुरू होत नाही. तो नियतीने होतो. नियत आणि तल्बिया मीकातच्या थोडे आधी करावी. झोप लागण्याची भीती असेल तर आणखी आधी केली तरी चालते. एहरामविना मीकात ओलांडून तसेच पुढे गेल्यास दम, म्हणजे कुर्बानी, द्यावी लागते.

तिकीट थेट मदीनेचे असेल आणि आधी मदीनेतच राहायचे असेल, तर विमानात एहरामची गरज नाही. मक्केला निघताना तो जुल-हुलैफा येथे बांधायचा.

रमजानमध्ये दुपारी निघणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. आपण पश्चिमेला जातो तसा सूर्यास्त लांबतो. जेद्दाहपर्यंत दिवस सुमारे सव्वादोन तासांनी वाढतो. इफ्तार मुंबईच्या घड्याळावर करू नये; आपण जिथे आहोत तिथला सूर्य मावळल्यावरच करावा. मधुमेहाच्या रुग्णांनी औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. मुसाफिराला रोजा नंतर ठेवण्याची सवलत कुरआनने दिलेली आहेच.

निघण्याच्या आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांजवळ बसून एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीन वेळा लिहून द्या : विमान सुटण्याची, मीकातची आणि उतरण्याची. मग त्यांचे लक्ष घड्याळात न अडकता दुआकडे राहील. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.