ऑनलाइन सामूहिक सहयोग

ऑनलाइन सामूहिक सहयोग म्हणजे बहुधा एकमेकांना प्रत्यक्ष न ओळखणाऱ्या अनेक व्यक्तींनी इंटरनेटच्या माध्यमातून एकत्र येऊन संगणकप्रणाली, ज्ञानसंग्रह, नकाशा किंवा तत्सम वस्तू निर्माण करण्याची पद्धत होय. या पद्धतीत काम वाटून देणारा एकच मालक नसतो. सहभागी व्यक्ती आपल्या आवडीनुसार व कुवतीनुसार काम निवडतात आणि तयार झालेली वस्तू सहसा सर्वांना विनामूल्य वापरता येते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, विकिपीडिया हा ज्ञानकोश आणि ओपनस्ट्रीटमॅप हा जागतिक नकाशा ही या पद्धतीची प्रमुख उदाहरणे आहेत.

या पद्धतीमुळे सॉफ्टवेअर, प्रकाशन आणि नकाशानिर्मिती या उद्योगांचे स्वरूप बदलले. पूर्वी विकली जाणारी वस्तू सामाईक झाली आणि कंपन्यांचे उत्पन्न तिच्याशी निगडित सेवांकडे वळले. मात्र सामाईक वस्तूच्या देखभालीचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

संकल्पना

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली 'द नेचर ऑफ द फर्म' या निबंधात कंपन्या मुळात अस्तित्वात का येतात, हा प्रश्न मांडला. बाजारात प्रत्येक कामासाठी योग्य माणूस शोधणे, भाव ठरवणे व करार करणे यांस खर्च येतो. हा खर्च कायमस्वरूपी नोकर ठेवण्याच्या खर्चापेक्षा अधिक असेल, तेव्हा कंपनी स्थापन होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९१ साली कोस यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कायद्याचे अभ्यासक योखाय बेंक्लर यांनी २००२ साली हाच युक्तिवाद पुढे नेला. इंटरनेटमुळे संपर्काचा खर्च जवळजवळ शून्यावर आला असून बाजार आणि कंपनी यांखेरीज उत्पादनाची तिसरी पद्धत शक्य झाली आहे, असे त्यांनी दाखवून दिले. डॉन टॅपस्कॉट आणि अँथनी विल्यम्स यांच्या 'विकिनॉमिक्स' (२००६) या पुस्तकामुळे हा विषय व्यवस्थापनक्षेत्रात लोकप्रिय झाला.

ही संकल्पना दोन जवळच्या संकल्पनांपासून वेगळी आहे. पहिली म्हणजे क्राउडसोर्सिंग. या शब्दाचा प्रसार जेफ हाउ यांच्या २००६ मधील लेखामुळे झाला. क्राउडसोर्सिंगमध्ये कंपनी आपले काम जनसमूहापुढे ठेवते, पण फलिताची मालकी साधारणतः कंपनीकडे राहते. दुसरी संकल्पना सहकाराची. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यात सभासदाचे भागभांडवल असते, त्याच्या उसाला टनामागे दर मिळतो आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्याला मत असते. ऑनलाइन सामूहिक सहयोगात योगदान देणाऱ्याला असा कोणताही आर्थिक हक्क आपोआप प्राप्त होत नाही.

इतिहास

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ साली त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना प्रसिद्ध केला. या परवान्यानुसार कोणीही सोर्स कोड पाहू, बदलू व वाटू शकतो. परंतु बदललेली आवृत्ती इतरांना देताना तीही त्याच अटींवर द्यावी लागते. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलची घोषणा केली आणि पुढील वर्षी ते याच परवान्याखाली आणले.

१९९५ साली अपाची हा वेब सर्व्हर उपलब्ध झाला आणि वर्षभरात तो जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला केला; त्यातून मोझिला प्रकल्प व पुढे फायरफॉक्स निर्माण झाला. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, तर २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅपची स्थापना केली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा अल्पावधीत तयार केला व मदतपथकांनी तो वापरला.

कार्यपद्धती

सामूहिक सहयोग यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या जातात. पहिली, काम लहान व स्वतंत्र भागांत विभागता आले पाहिजे. ज्ञानकोशातील एक वाक्य किंवा प्रणालीतील एक दोष सुधारण्यासाठी संपूर्ण प्रकल्प माहीत असण्याची गरज नसते. दुसरी, आलेले योगदान तपासण्याचा खर्च कमी असला पाहिजे. विकिपीडियावर प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होतो व चुकीचा बदल तत्काळ परतवता येतो. लिनक्समध्ये प्रत्येक भागाचे देखभालकर्ते असतात आणि त्यांच्या संमतीशिवाय बदल स्वीकारला जात नाही. तिसरी, एका व्यक्तीने दिलेले योगदान दुसऱ्याने बळकावू नये याची हमी देणारा परवाना असला पाहिजे.

त्यामुळे या प्रकल्पांत श्रेणीव्यवस्था नसते, हा समज बरोबर नाही. तेथे नोकरीतील अधिकाराऐवजी सिद्ध झालेल्या कामातून मिळालेला अधिकार चालतो. तसेच सर्वच सहभागी विनावेतन काम करतात असेही नाही. लिनक्स कर्नेलमधील बहुतांश बदल आज विविध कंपन्यांचे वेतनधारी अभियंते करतात.

व्यवसायांवरील परिणाम

ज्ञानकोशांच्या बाजारपेठेत हा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो. मायक्रोसॉफ्टने १९९३ पासून चालवलेला एन्कार्टा हा ज्ञानकोश २००९ साली बंद झाला. १७६८ पासून निघणाऱ्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने २०१२ साली छापील आवृत्ती थांबवत असल्याचे जाहीर केले. एन्कार्टासारख्या सीडींमुळे छापील ज्ञानकोशांची विक्री विकिपीडियाच्या आधीच घसरू लागली होती. विकिपीडियाने सामान्य वाचकासाठी ज्ञानकोशाची किंमतच शून्यावर आणली.

सॉफ्टवेअर उद्योगात मात्र व्यवसाय संपला नाही, तर त्याचे स्थान बदलले. रेड हॅट कंपनीने विनामूल्य उपलब्ध असलेल्या लिनक्सवर आधारित तांत्रिक साहाय्य व हमी विकली. २०१९ साली आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. गूगलने लिनक्स कर्नेलवर आधारित अँड्रॉइड मोबाइल उत्पादकांना खुले केले आणि उत्पन्न जाहिराती व ॲप विक्रीतून मिळवले. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. त्याच कंपनीने २०१८ साली मुक्त स्रोत प्रकल्पांचे प्रमुख केंद्र असलेले गिटहब ७.५ अब्ज डॉलरना खरेदी केले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो.

खाणउद्योगातील गोल्डकॉर्प या कॅनडास्थित कंपनीचे उदाहरणही नेहमी दिले जाते. कंपनीचे प्रमुख रॉब मॅकएवन यांनी लिनक्सपासून प्रेरणा घेऊन मार्च २००० मध्ये ऑन्टारियोतील रेड लेक खाणीची गोपनीय भूगर्भीय माहिती इंटरनेटवर खुली केली आणि सोन्याचे साठे सुचवणाऱ्यांसाठी एकूण ५,७५,००० डॉलरची बक्षिसे ठेवली. प्रथम पारितोषिक ऑस्ट्रेलियातील दोन व्यावसायिक संस्थांनी संयुक्तपणे मिळवले. येथे माहिती खुली होती, पण सापडलेले सोने कंपनीचेच राहिले. म्हणून काटेकोरपणे पाहता हे क्राउडसोर्सिंगचे उदाहरण ठरते.

आर्थिक मोजमाप

स्थूल देशांतर्गत उत्पादन मुख्यतः बाजारभावाने मोजले जाते. छापील ज्ञानकोश विकला गेला तर त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. विनामूल्य ज्ञानकोश कोट्यवधी लोकांनी वाचला तरी त्या वाचनाची नोंद तेथे होत नाही. त्यामुळे समाजाचा लाभ वाढत असताना उत्पन्नाचे आकडे घटलेले दिसू शकतात.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४ मधील एका शोधनिबंधाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या मूल्याचा अंदाज मांडला. सर्वाधिक वापरातील असे सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचे झाल्यास सुमारे ४.१५ अब्ज डॉलर लागतील. परंतु ते वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतंत्रपणे लिहावे लागले, तर हा खर्च सुमारे ८.८ लाख कोटी डॉलरवर जाईल. या वापरमूल्यापैकी ९६ टक्के मूल्य केवळ ५ टक्के विकासकांच्या कामातून निर्माण होते, असेही त्यात आढळले.

देखभालीचा प्रश्न

लाभ असंख्यांना आणि देखभालीचा भार मोजक्यांवर, या विषमतेचे धोके अनेकदा उघड झाले आहेत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षाप्रणालीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. जगभरातील संकेतस्थळे पासवर्ड व आर्थिक व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी या प्रणालीवर अवलंबून होती. पण तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर इतक्याच होत्या. त्यानंतर मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या लॉगफोरजे या प्रणालीतील गंभीर दोषाने जगभरातील सर्व्हर धोक्यात आले.

मार्च २०२४ मधील घटना वेगळ्या प्रकारची होती. एक्सझेड युटिल्स ही माहिती संक्षिप्त करणारी प्रणाली मुख्यतः एकच व्यक्ती सांभाळत होती. टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहभागीने दोनहून अधिक वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि मग प्रणालीत छुपा प्रवेशमार्ग घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावरील प्रवेशप्रक्रिया सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे जाणवले आणि त्यातून हा प्रकार उघड झाला. खुल्या सोर्स कोडमुळे तपास शक्य झाला. मात्र एकट्या देखभालकर्त्यावर पडलेला ताण हाच हल्लेखोराचा मार्ग ठरला.

या प्रश्नावर सार्वजनिक पातळीवरही उपाय सुरू झाले आहेत. जर्मनीने २०२२ साली 'सॉव्हरिन टेक फंड' स्थापन करून पायाभूत मुक्त स्रोत प्रकल्पांना सरकारी निधी देण्यास प्रारंभ केला. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या सायबर सुरक्षाविषयक कायद्यात डिजिटल उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांवर सुरक्षेची जबाबदारी टाकली असून विनामोबदला योगदान देणाऱ्यांना तिच्यातून वगळले आहे.

परवाने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

क्लाउड सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या मुक्त स्रोत प्रणाली आपल्या सर्व्हरवर चालवून उत्पन्न मिळवतात, परंतु मूळ निर्मात्यांना त्यातून पुरेसा वाटा मिळत नाही, अशी तक्रार आहे. याच कारणास्तव मोंगोडीबी (२०१८), इलॅस्टिक (२०२१) आणि रेडिस (२०२४) या कंपन्यांनी आपले परवाने कडक केले. त्यावर इतरांनी जुन्या परवान्याखालील आवृत्ती घेऊन स्वतंत्र शाखा काढल्या. ॲमेझॉनने सुरू केलेली ओपनसर्च आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील वाल्की या त्यांपैकी होत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रारूपांसाठी विकिपीडियातील मजकूर आणि गिटहबवरील सोर्स कोड मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आहे. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ साली मोठ्या व्यावसायिक वापरकर्त्यांसाठी सशुल्क सेवा सुरू केली. वाचकाला उत्तर अन्यत्रच मिळू लागल्यास तो मूळ प्रकल्पाकडे फिरकत नाही आणि नवे संपादक व देणगीदार मिळण्याची वाट अरुंद होते, ही चिंता त्यामागे आहे.

मराठी भाषेसंदर्भात

बाजारपेठ लहान वाटल्याने व्यावसायिक कंपन्या ज्या भाषांकडे उशिरा वळतात, त्यांच्यासाठी ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरते. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांचे मराठीकरण झाले आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित देवनागरी आणि मुंबईतील एक टाइप या संस्थेचे मुक्त व बालू हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. मात्र सक्रिय योगदानकर्त्यांची संख्या मर्यादित असल्याने देखभालीचा प्रश्न लहान भाषिक समुदायांत अधिक तीव्र होतो: एखादा अनुवादक थांबला, तर प्रणालीच्या पुढील आवृत्तीतील नवा मजकूर इंग्रजीतच राहतो.